आमच्या श्वासात काय आहे, हे आम्हालाही कळू द्या



मे महिन्यात मुंबईहून आलेला चाकरमानी कुडाळ स्टेशनवर उतरला की छातीभर श्वास घेतो आणि म्हणतो, "हवा खावची तर आमच्या कोकणातली." त्याचे म्हणणे खोटे नाही. समुद्राचा वारा आहे, झाडी आहे, पावसाळ्यात चार महिने आभाळ धुऊन निघते. पण हीच हवा वर्षभर खाणाऱ्या आमच्या बायांच्या छातीत घरघर का असते, हा प्रश्न त्या शुद्ध हवेच्या कौतुकात कोणी विचारत नाही.

मी जीएनएमचा डिप्लोमा करून बरीच वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केले. पुढे नोकरी सोडून वाड्या-वस्त्यांवर आरोग्याचे काम धरले. या सगळ्या काळात एक वाक्य मी किती वेळा ऐकले याची गणती नाही. साठीच्या घरातली बाई नेब्युलायझरचा मास्क बाजूला करून सांगते, "बाय, माका दम लागता, पण जल्मात कधी इडी ओढूक नाय." केसपेपरवर व्यसनाचा रकाना असतो. तंबाखू, विडी, दारू. तिथे 'नाही' असे लिहिले जाते आणि विषय संपतो. चाळीस वर्षे चुलीपुढे बसलात का, काजूच्या भट्टीजवळ काम केलेत का, घरामागे कचरा जळतो का, असा रकाना मी ज्या कागदांवर काम केले त्यांच्यावर कधी पाहिला नाही. जे विचारले जात नाही त्याची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद होत नाही त्यासाठी कोणी पैसा मंजूर करत नाही.

पुण्याचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि इंग्लंडचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याच विषयावर लेख लिहिला होता. विडी-सिगारेट कधीही न ओढलेल्या माणसांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा आजार, मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यामागे लाकूड, शेणी, काडीकचरा यांचा धूर हे जगातले एक मोठे कारण आहे, हे त्यांनी मांडले. भारतापुरते बोलायचे तर २०१९ या एका वर्षात हवेच्या प्रदूषणामुळे सुमारे १६.७ लाख मृत्यू झाले, असा अंदाज शास्त्रज्ञांनी काढला. त्यातले ६ लाखांहून अधिक घरातल्या धुराचे. तरीही प्रदूषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दिल्लीचा धुरकट रस्ता येतो, आपल्या न्हाणीतली चूल येत नाही.

या लेखात मला हवा मोजण्याबद्दल बोलायचे आहे. विषय थोडा शास्त्राचा आहे. पण आपल्या मुली आज विज्ञान शाखेत शिकत आहेत, आशाताई ऑक्सिमीटर वापरत आहेत. हेही आपल्याला समजण्यासारखेच आहे.

वजन कळते, माल कळत नाही

हवेच्या बातमीत 'पीएम २.५' हा शब्द येतो. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे हा कण केसाच्या वीस-पंचविसाव्या हिश्श्याहूनही बारीक. नाकातले केस त्याला अडवू शकत नाहीत. तो फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत जातो.

आपल्याकडे नेहमीच्या केंद्रांवर या कणांचे वजन मोजतात. एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम, एवढेच. २००९ च्या भारतीय मानकाप्रमाणे पीएम २.५ ची वर्षाची सरासरी ४० च्या आत असावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलेली मर्यादा फक्त ५ आहे. आकडा महत्त्वाचा आहे, पण तो पिशवीच्या वजनासारखा आहे. पिशवीत तांदूळ आहे की शेणखत, हे काट्यावर कळत नाही.

शिवाय देशातल्या हाताने चालवायच्या केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला साधारण १०४ दिवस, चोवीस तासांचा नमुना घेण्याची पद्धत आहे. कागदावर एक फिल्टर चोवीस तास हवा ओढतो, मग त्याचे वजन करतात. पहाटे सहा ते आठ चुली पेटतात, संध्याकाळी कोणी कचरा पेटवतो, रात्री भट्टी चालते. हे सगळे त्या एका सरासरीत मिसळून जाते. बाईने धूर गिळला तो एका तासात, आणि तो वाटला गेला चोवीस तासांवर.

यंत्र काय करते

या कणांचा मोठा भाग सेंद्रिय असतो. सेंद्रिय म्हटल्यावर खत किंवा भाजी आठवू नका. इथे अर्थ आहे कार्बनी पदार्थ: लाकूड जळताना निघणारे डांबरासारखे पदार्थ, डिझेलचे न जळालेले तेल, कढईतल्या तेलाची वाफ, जळणाऱ्या प्लास्टिकमधून सुटणारी रसायने. झाडांतून निघणारे वायूही हवेत ऊन खाऊन कण बनतात. जगातल्या अनेक ठिकाणच्या मोजण्या एकत्र करून २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात शास्त्रज्ञांनी मांडले की एक मायक्रॉनच्या आतल्या कणांत सेंद्रिय भाग कुठे २० टक्के, तर कुठे ९० टक्क्यांपर्यंत असतो.

या मोजण्या ज्या यंत्राने झाल्या त्याचे नाव एरोसोल मास स्पेक्ट्रोमीटर. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेतील एरोडाइन या कंपनीने ते तयार केले. पुढे त्याचीच थोडी साधी, महिनोन्महिने एका जागी चालणारी आवृत्ती निघाली. तिला एसीएसएम म्हणतात.

त्याचे काम असे चालते. बाहेरची हवा एका बारीक नळीतून आत ओढली जाते. नळीतल्या छिद्रांच्या रचनेमुळे कण एका रेषेत येतात आणि निर्वात पोकळीत शिरतात. समोर सुमारे ६०० अंश सेल्सिअसला तापलेला धातूचा तुकडा असतो. कण त्यावर आपटतो आणि क्षणात त्याची वाफ होते. त्या वाफेवर इलेक्ट्रॉनचा मारा केला की रेणू फुटून विद्युतभारित तुकडे होतात. मग या तुकड्यांना शर्यतीत सोडल्यासारखे सोडतात. हलके तुकडे आधी पोहोचतात, जड मागाहून. कोण किती वेळात पोहोचला यावरून प्रत्येकाचे वजन कळते. हे सगळे दर काही मिनिटांनी, फार तर अर्ध्या तासाने पुन्हा होते. फिल्टर प्रयोगशाळेत पाठवून आठवडे वाट पाहावी लागत नाही.

आता खरी गंमत या तुकड्यांत आहे. लाकडातला सेल्युलोज जळाला की लेव्होग्लुकोसन नावाची एक साखर तयार होते. ती यंत्रात फुटली की ६० वजनाचा एक तुकडा निघतो. ६० चा आकडा वर गेला की समजायचे, लाकूड-पाला जळतो आहे. गाडीच्या इंधनातले तेलकट पदार्थ ५७ वजनाचा तुकडा जास्त देतात. धूर हवेत जुना झाला, उन्हाने त्यात ऑक्सिजन मिसळला, तर ४४ चा तुकडा वाढतो. म्हणजे धूर इथला ताजा आहे की लांबून वाहत आलेला आहे, याचाही अंदाज लागतो. जसे आपण रक्ताचा थेंब तपासून हिमोग्लोबिन वेगळे, साखर वेगळी सांगतो, तसेच हे हवेचे पॅथॉलॉजी आहे.

या यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. काजळी, मातीची धूळ आणि समुद्राचे मीठ ६०० अंशांवर नीट वाफ होत नाहीत. म्हणून चिरेखाणीची तांबडी धूळ किंवा महामार्गाच्या कामाची माती त्यात सापडणार नाही. ती वेगळ्या साधनांनी मोजावी लागते. कोणी एक यंत्र दाखवून "सगळे मोजले" म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

महाबळेश्वरला आहे, दिल्लीत आहे

हे यंत्र परदेशातच आहे असे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेची, म्हणजे आयआयटीएमची, महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी उंचावरची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. आपल्याच सह्याद्रीच्या माथ्यावर, साडेतेराशे मीटरच्या आसपास. तिथे डॉ. पांडिथुराई यांच्या गटाने असेच यंत्र चालवले आणि २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थंड हवेच्या त्या ठिकाणीही एक मायक्रॉनच्या आतल्या कणांत सर्वांत मोठा वाटा सेंद्रिय पदार्थांचा निघाला, आणि त्यात लाकूड-पालापाचोळा जळण्याची खूण होती. स्ट्रॉबेरी आणि धुके यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या डोंगरावर जर हे सापडते, तर घाटाखाली, जिथे प्रत्यक्ष चूल पेटते तिथे काय सापडेल, याचा विचार करा.

दिल्लीत आयआयटी दिल्लीच्या आवारात २०१७ पासून असे यंत्र चालले. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट दिसली. थंडीच्या दिवसांत तिथल्या कणांत क्लोराइड फार होते. आयआयटी मद्रासचे डॉ. सचिन गुंठे आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखवले की हे क्लोराइड कणांना पाणी शोषायला लावते आणि धुके दाट करते. ते बहुधा कारखान्यांतून आणि प्लास्टिकमिश्रित कचरा जाळण्यातून येत असावे, असे त्यांनी म्हटले. २०२३ साली आयआयटी कानपूरच्या गटाने दाखवले की दिल्लीत रात्री कण झपाट्याने वाढतात, त्यामागे शेकोटी आणि स्वयंपाकासाठी जळणाऱ्या लाकडाचा धूर आहे. नुसते वजन मोजत बसलो असतो तर हे कधीच कळले नसते.

त्याच दिल्लीत जानेवारी २०२३ मध्ये सरकारने धुराचा उगम तासातासाला सांगणारे केंद्र गाजावाजा करून सुरू केले. सोबत फिरती गाडीही होती. ऑक्टोबर उजाडला, हवा बिघडायच्या तोंडावर अधिकारी आणि मंत्री यांच्यात पैशांवरून वाद झाला आणि काम थांबले. यंत्र कितीही चांगले असले तरी ते चालू ठेवण्याची इच्छा कोणाची तरी असावी लागते, हा त्यातला धडा.

आमच्याकडे काय जळते

केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातली १९ शहरे आहेत. मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर, अगदी शेजारचे कोल्हापूरही. सिंधुदुर्गातले एकही नाव त्यात नाही. कार्यक्रमाचा भर शहरांवर आहे, त्यामुळे खेड्यातल्या माणसाला फुप्फुसे नसतात की काय, असा प्रश्न पडतो.

आमच्याकडे काय जळते ते मी सांगते. घरात गॅस असला तरी आंघोळीच्या पाण्यासाठी न्हाणीतली चूल आहे. तिच्यात चुडते, सोडणे, करवंट्या, काजूच्या फांद्या. पेटवायला प्लास्टिकची पिशवी, कधी जुन्या चपलेचा किंवा टायरचा तुकडा. पावसाळ्यात जळण ओले असते, तेव्हा धूर दुप्पट. उन्हाळ्यात तरव्यासाठी भाजावळ. कुणग्यात शेण, पातेरा, कवळ पसरून पेटवतात. काजूचा हंगाम आला की कारखान्यांतून टरफले निघतात. त्यांच्यात तेल असते, म्हणून ती जळण म्हणून बॉयलरला, भट्टीला जातात. त्या तेलाने सोलणाऱ्या बायांच्या बोटांची कातडी जाते हे सगळ्यांना दिसते. तेच तेल जळून धुरात जाते ते मात्र दिसत नाही. शिवाय वीटभट्ट्या आहेत, हॉटेलांच्या तंदुरी आहेत, महामार्गावरचे ट्रक आहेत, आणि बाजारपेठेच्या कडेला पेटवून दिलेले कचऱ्याचे ढीग आहेत.

आता हे ढीग कुठे असतात, ते पेटवण्याचे काम कोणाकडे येते, आणि वारा फिरला की धूर कोणाच्या दारात शिरतो, हे या मासिकाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. गावाची घाण टाकायची जागा पूर्वी जिकडे ठरली, पुष्कळ ठिकाणी ती आजही तिकडेच आहे. झाडू मारणाऱ्या माणसाला ढीग उचलायला गाडी मिळत नाही, मग तो काडी लावतो. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड सांगितला आहे. दंडाची पावती मात्र काडी लावणाऱ्याच्या नावे फाडायची की गाडी न देणाऱ्याच्या, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

दोन आक्षेप

कार्यकर्त्यांच्या बैठकीत हा विषय काढला की दोन आक्षेप येतात. दोन्ही रास्त आहेत.

पहिला असा: "ताई, कोटीच्या घरातले यंत्र आणण्यापेक्षा त्या पैशात सिलिंडर द्या." मला हे शंभर टक्के पटते, चुलीपुरते. चुलीचा धूर वाईट आहे हे सिद्ध करायला नवे यंत्र नको. अमेरिकेचे शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर मोजमापाची साधने लावून ते दाखवले होते. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली. कनेक्शन मिळाले, पण मजुरीवर चालणाऱ्या घरात पुढचा सिलिंडर परवडत नाही म्हणून शेगडी कोपऱ्यात आणि चूल पेटलेली, अशी घरे मी रोज पाहते. तिथे उपाय ठाऊक आहे, पैसा द्यायला हवा.

पण बाकीच्या धुराचे काय? वस्तीवर संध्याकाळी उग्र वास येतो. कारखानेवाला म्हणतो, बाया चुली पेटवतात. नगरपंचायत म्हणते, शेतकरी भाजावळ करतात. शेतकरी म्हणतो, महामार्गाच्या गाड्या. प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे, आणि वस्तीच्या तक्रारअर्जावर "आढळून आले नाही" असा शेरा. इथे धुराचा रासायनिक ठसा कामाला येतो. काजूच्या टरफलातल्या तेलाचे मोठे रेणू लाकडात नसतात. प्लास्टिकमधले क्लोरीन पालापाचोळ्यातून तेवढ्या प्रमाणात येत नाही. डिझेलचा ठसा वेगळा. कोणत्या तासाला काय वाढले आणि तेव्हा वारा कुठून होता, हे सोबत ठेवले तर वाद बराच मिटतो. जिथे कारण माहीत आहे तिथे मोजणीच्या नावाखाली वेळ काढू नये. जिथे कारण लपवले जाते तिथे मोजणी हवी.

दुसरा आक्षेप माझ्या मते अधिक गंभीर आहे. एका वस्तीतल्या आजीने तो मला विचारला: "मोजल्यानी आणि आमचोच धूर निघालो तर?" ही भीती खरी आहे. ६० वजनाचा तुकडा लाकूड जळाले एवढेच सांगतो. ते लाकूड हॉटेलच्या तंदुरीत जळाले, भट्टीत जळाले, की तिच्या न्हाणीत, हे तो तुकडा सांगत नाही. ती का जाळते हे तर जगातले कोणतेही यंत्र सांगणार नाही. अहवालात मात्र एकच शब्द येतो: 'बायोमास बर्निंग'. त्या एका शब्दाखाली मोठ्या चिमणीचा मालक आणि चार चुडते जाळणारी म्हातारी एका रांगेत उभे केले जातात, आणि कारवाई नेहमी सोप्या माणसावर होते. मोठ्या शहरांत थंडीत हवा बिघडली की शेकोट्या विझवायला माणसे आधी धावतात, याच्या बातम्या आपण वाचतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. मोजणी नाकारून आपण सुरक्षित राहणार नाही, कारण न मोजलेल्या हवेतही दोष आपल्यावरच येतो आणि आजार तर आपल्याच घरात असतो. पण मोजणी मागताना तिचा अर्थ लावणाऱ्या टेबलावर आपली खुर्चीही मागायला हवी. यंत्र कुठे ठेवायचे, कोणत्या महिन्यांत चालवायचे, अहवालात कोणाला काय नाव द्यायचे, यात वस्तीतल्या बायका, काजू कारखान्यातल्या कामगार आणि सफाई कर्मचारी असले पाहिजेत. वारा कधी फिरतो, भट्टी कधी पेटते, कचरा कोण आणून टाकतो, हे त्यांना ठाऊक असते. शास्त्रज्ञाकडे तुकड्यांची वजने आहेत, आमच्याकडे त्या तासाचा इतिहास आहे. दोन्ही मिळाले तरच उत्तर बरोबर येईल.

मागणी काय करायची

कुडाळला कायमचे यंत्र ठेवा, अशी मागणी मी करत नाही. त्याला वातानुकूलित खोली, अखंड वीज आणि शिकलेला माणूस लागतो. आमच्याकडे पहिल्या पावसात तासन् तास लाइट जाते. पण दोन गोष्टी होण्यासारख्या आहेत.

एक, फिरती प्रयोगशाळा. यंत्र गाडीत बसवून नेता येते, दिल्लीत ते झाले आहे. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि पुण्याची संस्था यांनी डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे थंडीपासून काजू आणि भाजावळीपर्यंत, सिंधुदुर्गात काही आठवडे अशी गाडी फिरवावी. गाडी विश्रामगृहाच्या आवारात उभी करू नये, वस्तीच्या तोंडाशी उभी करावी.

दोन, फिल्टर. साध्या पंपाने वस्तीत हवा ओढून फिल्टरवर कण गोळा करता येतात. हे फिल्टर थंड ठेवून प्रयोगशाळेत नेले, पाण्यात त्यांचा अर्क काढला आणि त्याचा फवारा यंत्रात सोडला, तरी सेंद्रिय कणांचा ठसा मिळतो. युरोपात ही पद्धत वापरली गेली आहे. तासातासाची माहिती मिळत नाही, पण कोटीच्या यंत्राला गावोगाव फिरावे लागत नाही. आपल्या महाविद्यालयांतली रसायनशास्त्राची मुले हे काम आनंदाने करतील. बाजारात मिळणारे काही हजारांचे सेन्सर सोबत ठेवले तर कोणत्या वेळी धूर वाढतो हे कळेल. ते धुराची जात सांगू शकत नाहीत, वेळ सांगू शकतात.

आपण आजपासून काय करू शकतो

सरकारी गाडी येईल तेव्हा येईल. तोपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही.

डॉक्टरकडे गेलात की न विचारता सांगा: इतकी वर्षे चुलीपुढे आहे, इतके हंगाम काजूत काम केले आहे. आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. आशाताईंनी आपल्या वहीत हा रकाना स्वतःहून आखावा. खोकला आणि दम दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकी तपासून घ्याच, क्षयरोग आहे का ते आधी पाहायला हवे. पण ती निगेटिव्ह आली म्हणून "काही नाही" असे समजू नका. फुंकून करायची स्पायरोमेट्री तपासणी मागा. इनहेलर दिला असेल तर "सवय लागतली" या भीतीने सोडू नका.

वस्तीत एक धुराची वही ठेवा. तारीख, वेळ, वास कसा, वारा कुठून, कोणाला त्रास झाला. शाळेतली मुलगीही हे लिहू शकते. तक्रारअर्जाला महिनाभराची अशी वही जोडली की "आढळून आले नाही" लिहिणे अवघड जाते. धूर सोडणाऱ्या कारखान्याला सहसा प्रदूषण मंडळाचे संमतीपत्र लागते आणि त्यात इंधन कोणते, चिमणी किती उंच, हे लिहिलेले असते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली ते मागा. कागदावरचे इंधन आणि भट्टीत टाकलेले इंधन एकच आहे का, ते पाहा.

चुलीत प्लास्टिक, रबर, थर्माकोल कधीही टाकू नका, पेटवण्यापुरतेसुद्धा. न्हाणीची चूल घरापासून थोडी लांब, वरून मोकळी ठेवा. तान्हे मूल आणि पोटुशी बाई धुरापासून दूर राहील असे घरातल्या पुरुषांनी पाहावे. पाणी त्यांनी तापवले तरी बिघडत नाही. डासांची कॉइल बंद खोलीत रात्रभर लावू नका. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात असे आढळले होते. मच्छरदाणी स्वस्त आणि निर्धोक. आपल्या विहारात वंदनेला मेणबत्ती, अगरबत्ती लावतो, तेव्हा खिडक्या उघड्या असू द्या, आणि गर्दीच्या दिवशी जुडी न लावता एकच लावा. दम्याचे लेकरूही मागच्या रांगेत बसलेले असते.

येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडा: आमच्या वस्तीची हवा मोजावी, मोजताना आम्हाला सोबत घ्यावे, आणि अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. ठराव चार ओळींचा असतो. तो लिहून द्यायला कोणी नसेल तर मला बोलवा, मी येईन.